हंगाम संपलेल्या किनाऱ्याने

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शेतकऱ्याचे पीककर्ज, साखर कारखान्याची गाळपाच्या काळातली वाढीव मर्यादा, कापड दुकानदाराला दिवाळी आणि लग्नसराईसाठी दिलेली जादा कॅश क्रेडिट, या सर्वांच्या मुळाशी गणित एकच असते: चार महिन्यांत कमवायचे आणि बारा महिने भागवायचे. असे आकडे मी आयुष्यभर तपासले. मात्र हंगाम सरल्यावर तो बाजार आणि ती माणसे कशी दिसतात, हे निवांतपणे पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला, आणि तोही इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर.

आमचा मुलगा नऊ वर्षांपासून मिलानला नोकरी करतो. ‘तुम्ही उन्हाळ्यात या,’ असे तो दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी आमचे जमत नसे. हॉटेल म्हटले की सौभाग्यवतींच्या कपाळावर आठ्या पडत. त्यांचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम आहे, घरात कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि इटलीतील उपाहारगृहांच्या चुली संध्याकाळी साडेसात-आठच्या आत पेटत नाहीत. शेवटी मुलानेच तोड काढली. मोटारहोम भाड्याने घ्यायचे. म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर घेऊनच हिंडायचे. इटालियन लोक या वाहनाला ‘कांपेर’ म्हणतात. नोव्हेंबरात त्याचे भाडे जुलैच्या निम्म्याहून कमी पडते, हे त्याने मला मुद्दाम सांगितले. वडिलांचा पेशा त्याला ठाऊक आहे. चातुर्मास संपल्यावर प्रवासाला निघणे आपल्या घरांत सोयीचेच असते. कार्तिकी पौर्णिमा झाली आणि आम्ही निघालो.

आमच्याबरोबर दादाही निघाले, ही मात्र नवलाची गोष्ट होती. दादा माझे थोरले बंधू, वय चौऱ्याहत्तर. बार्शीच्या बाजारपेठेत वडिलांनी सुरू केलेले कापड दुकान त्यांनी सेहेचाळीस वर्षे चालवले. संवत्सरी आणि घरातली मयत सोडली तर कामाच्या दिवशी त्या दुकानाची फळी कधी लागलेली मी पाहिली नाही. असा माणूस ऐन लग्नसराईच्या तोंडावर दुकान नोकरावर टाकून पंधरा दिवस परदेशी येतो, याचा अर्थ दुकानात लग्नसराई उरलेली नाही, एवढा उघड होता. पुतण्या हिंजवडीत संगणक अभियंता आहे. तो गादीवर बसणार नाही. दुकानाची जागा जुन्या पागडीची, आणि मालकाला आता इमारत पाडून नवी बांधायची आहे. हक्क सोडण्याबद्दल त्याने देऊ केलेली रक्कम वाजवी होती. पुतण्या वर्षभर विनवत होता. दादा ना हो म्हणत होते, ना नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर दुकान हेच त्यांचे घर झाले होते. या विषयावर मी त्यांच्याशी बोलावे, अशी पुतण्याची इच्छा होती. मी फक्त एवढेच म्हणालो, ‘दादा, इटलीला येता का?’

साडेतीन टनांपर्यंतचे मोटारहोम तिकडे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. पण साडेतीन टन म्हणजे वाहन, इंधन, पाणी, माणसे, सामान असे सगळे मिळून. त्यामुळे सौभाग्यवतींनी आणलेल्या पिठांचे, डाळींचे आणि खाकऱ्यांचे वजन घरीच काट्यावर करावे लागले. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप नेता आले नाही. बोलोन्यात गाडी ताब्यात घेतल्यावर पहिले काम काय झाले असेल, तर बाजारातून लोणी आणून गाडीतल्या शेगडीवर ते कढवले. त्याचा वास पुढे सातआठशे किलोमीटर आमच्यासोबत होता. चीज घेताना मात्र जपावे लागते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते. आपल्या घरांतली मुले पास्त्यावर ते भुरभुरतात, त्यांना हे सांगून ठेवावे. भाज्यांची मात्र त्या दिवसांत चंगळ असते. ब्रोकोली, बडीशेपेच्या झाडाचा फुगीर देठ, चिकोरीचा कडसर पाला, आणि पुल्या प्रांतात ‘चीमे दी रापा’ नावाची कोवळ्या कळ्यांची पालेभाजी. सौभाग्यवतींनी ती मुगाच्या डाळीत घातली आणि ‘ही आपल्याकडे का नाही?’ असा प्रश्न तीनदा विचारला.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. चार माणसांना ती दोन दिवस पुरवायची. हे खाते दादांनी आपणहून स्वीकारले. बार्शीत चार-चार दिवसांनी नळाला पाणी आलेले ज्याने पाहिले आहे, त्याच्याकडून एक भांडे जास्त सांडणार नाही. त्यांच्या रोजमेळात डिझेल, गॅस, टोल यांच्या शेजारी पाण्याचाही रकाना होता.

बोलोन्याहून आम्ही एड्रियाटिक समुद्र गाठला आणि मग सरकारी महामार्ग क्रमांक १६ धरला. उत्तरेतल्या पादोवापासून थेट ओत्रांतोपर्यंत सुमारे हजार किलोमीटर जाणारा हा रस्ता. त्याला समांतर टोलचा जलदमार्ग आहे, पण तो गावांना वळसा घालतो. जुन्या रस्त्याच्या एका बाजूला रेल्वे आणि तिच्या पलीकडे लगेच समुद्र, असे कितीतरी तास चालते. ऑगस्टमध्ये या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात म्हणे. आम्हाला पुढे-मागे क्वचितच कोणी दिसे. बहुतेक कॅम्पिंगच्या जागा कुलूपबंद होत्या. पण नगरपालिकांनी मोटारहोमसाठी राखलेले तळ उघडे होते. तिथे वीज, पाणी आणि सांडपाणी सोडण्याची सोय मिळे. रात्रीचे पंधरा-सोळा युरो. एका गावी तर पैसे घेणारे यंत्रच हिवाळ्यापुरते झाकून ठेवले होते.

इटलीच्या वाहतूक कायद्याचे १८५ वे कलम मला फार आवडले. मोटारहोम केवळ आपल्या चाकांवर उभे असेल, इंजिनाच्या धुराखेरीज काही बाहेर सोडत नसेल आणि स्वतःच्या आकारापेक्षा अधिक जागा व्यापत नसेल, तर ते नुसते थांबलेले वाहन. तळ ठोकणे नव्हे. दाराबाहेर एक खुर्ची मांडली की मात्र तळ ठोकला असे होते. इतक्या नेमक्या व्याख्या आमच्या परिपत्रकांत असत्या, तर माझी निम्मी नोकरी सुखाची झाली असती. दादांना हे कलम मुळीच रुचले नाही. त्यांना संध्याकाळी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायची सवय. अखेर ते गाडीच्या दारातल्या पायरीवर बसू लागले. पायरी गाडीचीच असल्यामुळे कायद्याला बाध येत नव्हता!

चेझेनातिको हे आमचे पहिले मुक्कामाचे गाव. त्याच्या बंदराच्या कालव्याची पाहणी १५०२ साली लिओनार्दो दा विंचीने करून ठेवली होती. कालव्यात जुन्या शिडांची रंगीत गलबते उभी असतात. मात्र आमचे लक्ष वाळूकडे गेले. तिथून रिमिनीपर्यंत आणि पुढेही, किनारा ‘बान्यो’ नावाच्या धंद्यांनी वाटून घेतलेला आहे. बान्यो म्हणजे छत्र्या, आरामखुर्च्या, कपडे बदलायच्या खोल्या आणि एक उपाहारगृह असा वाळूवरचा गाळा. रिमिनीत तर त्यांना ओळीने क्रमांक आहेत. घराणी त्या क्रमांकांनी ओळखली जातात. उन्हाळ्यात वाळू दिसत नाही इतक्या छत्र्या असतात. नोव्हेंबरात एकही नव्हती. उलट हिवाळी लाटांपासून गाळे वाचावेत म्हणून यंत्रांनी वाळू ओढून किनाऱ्याला समांतर उंच बांध घातले होते. समुद्रावर येऊन समुद्रच दिसू नये, असा तो देखावा. बांधावर चढावे, तेव्हा पलीकडे राखाडी पाणी.

अशाच एका बंद गाळ्यापाशी एक साठीचे गृहस्थ लाकडी फळ्यांना रंग देत होते. मुलाने दुभाष्याचे काम केले. त्यांचे आजोबा, वडील आणि ते, अशी तिसरी पिढी. धंदा मे ते सप्टेंबर.

दादांनी विचारले, ‘मग उरलेले सात महिने दुकान बंद?’

गृहस्थ हसले. बंद कसले, म्हणाले. आवरून ठेवले आहे. फळ्या घासायच्या, रंग द्यायचा, छत्र्यांचे कापड शिवून घ्यायचे, हिशेब पुरा करायचा. ईस्टरला पुन्हा मांडायचे.

‘वाढवले आहे म्हण,’ दादा माझ्याकडे वळून म्हणाले.

आपल्या भाषेत दुकान ‘बंद’ होत नाही, ‘वाढवतात’. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आमच्या वडिलांसमोर ‘दुकान बंद करू का?’ असे विचारणाऱ्या नव्या नोकराला पहिल्याच दिवशी समज मिळे. हा शब्द त्या रंगाऱ्या गृहस्थांना समजावून देणे मुलाला काही साधले नाही.

त्यांची खरी चिंता मात्र निराळी होती. वाळू सरकारची, घराण्यांकडे फक्त परवाना. परवान्यांचे नूतनीकरण वर्षानुवर्षे आपोआप होत आले. शुल्कही नाममात्र, २०२१ साली वर्षाला किमान अडीच हजार युरो ठरले, त्याआधी तर त्याहूनही पुष्कळ कमी होते. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या एका निर्देशानुसार असे परवाने खुल्या स्पर्धेने द्यायला हवेत. युरोपच्या न्यायालयाने २०१६ मध्ये आणि इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२१ मध्ये तसेच सांगितले. सरकारने मुदती वाढवत वाढवत शेवटी सप्टेंबर २०२७ पर्यंत नेल्या आहेत. मग निविदा. निघून जाणाऱ्याला नव्याने येणाऱ्याने भरपाई किती द्यावी, हा साऱ्या भांडणाचा गाभा.

बँकेच्या खुर्चीतून पाहिले तर मला दोन्ही बाजू दिसतात. सार्वजनिक मालमत्ता नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहावी, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला पटणार नाही. आणि ज्या वाळूला घराण्याने गिऱ्हाईक मिळवून दिले, त्या नावलौकिकाची किंमत शून्य धरणे, हेही कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. शिवाय मुदत संपत आलेल्या परवान्यावर नवे कर्ज कोण देणार? मी तरी दिले नसते. हे सारे मुलगा भाषांतर करून सांगत होता, तेव्हा दादा एकाग्र होऊन ऐकत होते. ‘म्हणजे पागडीच,’ एवढेच ते म्हणाले. मी काही बोललो नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख जाता जाता करतो. इटलीतील लहान गावांत दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात. ही वेळ पुणेकरांची खासगी मिरास आहे, असा माझा आजवर समज होता.

रिमिनीहून पश्चिमेला डोंगर ओलांडला की सान्सेपोल्क्रो हे गाव लागते. आम्ही तिथे गेलो नाही. पण वाणिज्य शाखेच्या पदवीधराने त्या दिशेला नमस्कार करायला हरकत नाही. लुका पाचोली तिथला. त्याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीवर एक प्रकरण लिहिले, आणि जगभरच्या जमा-नावेचे ते पहिले छापील पाठ्यपुस्तक झाले. पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी जे रोज करीत होते, ते त्याने नीट लिहून काढले. दादा हे ऐकून प्रसन्न झाले. ‘म्हणजे आधी दुकानदार, मग प्रोफेसर,’ असा निवाडा त्यांनी दिला.

आंकोना ओलांडून आब्रुत्सो प्रांतात शिरलो तेव्हा हवा फिरली. ओर्तोना ते वास्तो हा पट्टा अतिशय सुंदर आहे. जुनी रेल्वे आतल्या बाजूला हलवल्यावर समुद्राकाठच्या रुळांच्या जागी सायकलींसाठी सुमारे चाळीस किलोमीटरचा मार्ग केला आहे. पाण्यात खांबांवर उभे असलेले लाकडी सांगाडे, पूर्वी मासेमारीसाठी बांधलेले, दूर-दूरवर दिसतात. आम्हाला त्यांचा उपयोग नाही, पण सुतारकाम पाहत राहावे असे. त्या रात्री आग्नेयेकडून वारा सुटला. समुद्र रस्त्यापर्यंत येऊन आपटत होता आणि आमचे सात मीटर लांबीचे घर पाळण्यासारखे हलत होते. मुलाने उठून गाडीचे तोंड वाऱ्याकडे केले. अंगावर आडवा वारा घेण्यापेक्षा ते बरे असते. सौभाग्यवती नवकार म्हणत राहिल्या. दादा जागेच होते. पहाटे वारा पडल्यावर कळले, की जिथे आम्ही थांबलो होतो तिथून थोड्याच अंतरावर, सांग्रो नदीच्या खोऱ्यात, आमच्या गाडीचा सांगाडा तयार झाला होता. युरोपातील बहुसंख्य मोटारहोम ज्या फियाट दुकातोवर बांधतात, ती आतेस्साच्या कारखान्यात १९८१ पासून निघते. माहेरी आली म्हणून नाचत होती, असे सौभाग्यवती म्हणाल्या.

पुल्या प्रांत लागला आणि ऊन परतले. त्रानीचे दगडी चर्च अगदी पाण्याला टेकून उभे आहे, आणि तिथल्या बंदराचे सागरी व्यापाराचे नियम १०६३ सालचे म्हणून सांगितले जातात. बारीच्या जुन्या गल्लीत बायका दारात पाट मांडून रवाळ गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्यावरच कानाच्या पाळीसारखा पास्ता वळत होत्या. अंडे नाही, याची सौभाग्यवतींनी दोनदा खात्री करून घेतली आणि दोन किलो घेतला. पोलिन्यानो आ मारे हे कड्यावरचे गाव. उन्हाळ्यात तिथल्या चिमुकल्या खाडीत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा गोट्यांवर एक कुत्रा झोपलेला होता. मिठाईच्या एका दुकानावर हाताने लिहिलेला कागद होता: मार्चमध्ये भेटू. दादांनी त्या कागदाचा फोटो काढला. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतः काढलेला तो एकमेव फोटो.

लेच्चेच्या पुढे सालेंतोच्या भूमीत रस्त्याकडेला पाहवत नाही. ऑलिव्हची हजारो झाडे उभ्याउभ्या वाळलेली, राखाडी. ‘झायलेला’ नावाचा जिवाणू २०१३ मध्ये इथे प्रथम आढळला. गवतावरचा एक लहानसा कीटक झाडाचा रस शोषताना तो पसरवतो, आणि झाडाच्या आतल्या पाणी वाहणाऱ्या नलिकाच तुंबतात. उपाय सापडलेला नाही. शेकडो वर्षे वयाची लक्षावधी झाडे गेली.

ओत्रांतोजवळच्या एका शेताच्या अंगणात मोटारहोमला जागा मिळते, तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. शेतकरी दादांच्याच वयाचा. त्याच्या वाडीतली जुनी झाडे सगळी मेली होती. त्याने ती काढून टाकली आणि रोगाला पुष्कळ अंशी दाद न देणाऱ्या ‘लेच्चिनो’ जातीची नवी रोपे लावली होती, कमरेएवढी. तेलाचा घाणा मात्र चालू होता. तो हंगामच होता. बारीकडून फळ आणून गाळीत होता, आणि अंगणभर ताज्या तेलाचा तिखट, हिरवा वास होता. इतक्या दिवसांत हंगाम चालू असलेला हा पहिलाच धंदा आम्हाला भेटला.

दादांनी विचारले, ‘जुनी झाडे कापायला हात कसा झाला?’

म्हातारा म्हणाला, ‘दोन वर्षे झाला नाही. मग नातवाने कापली. मी त्या दिवशी गावाला गेलो होतो.’

मुलाने हे मराठीत सांगितले तेव्हा त्याचाही आवाज जरा खाली आला. म्हाताऱ्याने एक बुंधा ठेवला आहे, दाराशी, बसण्यासाठी. दादा त्यावर बराच वेळ बसले. ते आमच्या गाडीचे सामान नसल्यामुळे १८५ व्या कलमाचाही प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओत्रांतोचे कॅथेड्रल पाहिले. तिथली सबंध जमीन म्हणजे एक मोझेक आहे. पांतालेओने नावाच्या साधूने ११६३ ते ११६५ या काळात रचलेला विशाल वृक्ष. आणि तो वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे! ज्या कारागिरांनी हत्ती बहुधा पाहिलाही नसेल, त्यांनी भार उचलायला हत्तीच निवडले. कॅथेड्रलमध्ये आमच्याखेरीज एक झाडणारी बाई होती. उन्हाळ्यात त्या हत्तींवरून किती पावले जात असतील, कोण जाणे.

त्याच दुपारी आम्ही पुन्ता पालाशियाच्या दीपगृहाकडे गेलो. इटलीच्या भूमीचे हे अतिपूर्वेचे टोक. हवा स्वच्छ होती आणि पलीकडे अल्बानियाचे डोंगर दिसत होते. दादा वाऱ्यात उपरणे सावरत बराच वेळ पूर्वेकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, ‘पागडीचा हक्क सोडला, तर त्या रकमेवर कर कसा बसतो रे?’

मी सांगितले. भाडेकरूचा हक्क ही भांडवली मालमत्ता धरतात. वडिलांकडून आलेला आणि मुळात त्यासाठी काही मोजलेले नसेल, तर खरेदीची किंमत शून्य आणि येईल ती रक्कम दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. राहत्या घरात गुंतवल्यास काही सूट मिळते. आकडे बार्शीला जाऊन काढू.

‘आणि मालाचे?’

‘मालाचा हिशेब निराळा, दादा. तो धंद्याचे उत्पन्न.’

‘लग्नसराईत निघेल माल,’ ते म्हणाले. ‘अक्षय्यतृतीयेपर्यंत वेळ मागून घेऊ त्याच्याकडून.’ मग त्यांनी रोजमेळाची वही काढली, वाऱ्याने पान उडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली आणि शेवटच्या पानावर काहीतरी लिहिले. काय ते मी पाहिले नाही. तोवर सौभाग्यवतींनी गाडीच्या दारातून हाक मारली होती. सूर्य साडेचारच्या आत मावळणार होता. चार वाजून गेले होते आणि पाने वाढलेली होती.